वाटेवरचं शहर : प्रस्तावना

गांजाच्या शेतीचे परवाने देणारं सरकार एकेकाळी नागपुरातच बसत होतं. 1861 साली मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी झाली, आणि या प्रांतात गांजा पिकवायची मुभा होती ती निमाड जिल्ह्यातल्या खंडवा तहसिलीत. शेतकरी परवान्यावर पीक घेई. माल सरकारी देखरेखीखालच्या गोदामात जमा होई, तिथून परवानाधारक विक्रेत्यांकडे जाई आणि वाटेत सरकारी तिजोरीत कर भरला जाई. मुंबई इलाख्यात असंच पीक अहमदनगर भागात निघे, बंगालमध्ये नौगावला. विलायतेच्या पार्लमेंटात प्रश्न विचारला गेला म्हणून 1893 मध्ये इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं गेलं. त्याने देशभर फिरून हजाराहून अधिक साक्षी नोंदवल्या आणि पुढच्याच वर्षी अहवाल दिला. बेताने घेणाऱ्याला फारसा अपाय होत नाही, सरसकट बंदी नको, नियंत्रण ठेवा आणि कर घ्या, असा त्याचा सूर होता. कमिशनला लोकांच्या आरोग्याची काळजी जास्त होती की तिजोरीची, याचा निवाडा ज्याने त्याने करावा. माझा कल तिजोरीकडे आहे.

अफूची गोष्ट याहून जुनी आणि याहून मोठी. माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून चीनला जात होती आणि त्या व्यापारावर मुंबईतल्या कित्येक पेढ्या उभ्या राहिल्या. सर जमशेटजी जीजीभाय यांच्या दानातून रुग्णालय उभं राहिलं. त्यांच्या संपत्तीत या अफूचा वाटा मोठा होता. अफूची सरकारी परवान्यावरची शेती अजूनही चालू आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागांत शेतकरी खसखशीच्या बोंडांना चिरा देतात आणि निघालेला चीक सरकारला घालतात. नीमच आणि गाझीपूर इथल्या सरकारी कारखान्यांत त्यापासून औषधी द्रव्यं काढली जातात. हे सगळं पाहणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचं मुख्यालय ग्वाल्हेरला आहे. एक हात परवाना देतो, दुसरा बेड्या घालतो. यात विसंगती नाही, कारण मॉर्फिनविना कॅन्सरच्या रुग्णाच्या वेदना शमवता येत नाहीत. पण अमली पदार्थांविरुद्धची सरकारची लढाई म्हणजे अनादी काळापासून चालत आलेलं धर्मयुद्ध, असा जो समज भाषणांतून होतो, तो या इतिहासापुढे टिकत नाही.

ही लढाई आजच्या रूपात सुरू झाली ती 1985 साली. संयुक्त राष्ट्रांच्या 1961 च्या करारावर भारताने सही केली होती. गांजाचा औषधाखेरीजचा वापर पंचवीस वर्षांत बंद करायचा, असं त्या करारात होतं. मुदत संपत आली आणि 14 नोव्हेंबर 1985 पासून अमली पदार्थांविषयीचा एनडीपीएस कायदा लागू झाला. अफूविषयीचे 1857 आणि 1878 चे कायदे आणि 1930 चा डेंजरस ड्रग्ज अॅक्ट इतिहासजमा झाले. पुढच्या मार्चमध्ये नार्कोटिक्स कंट्रोल ब्यूरो, म्हणजे एनसीबी, स्थापन झालं. कायद्याने गांजाची व्याख्या केली ती झाडाच्या फुलोऱ्यापुरती. नुसती पानं आणि बिया तिच्यात येत नाहीत, म्हणून भांग या कायद्यातून सुटली. होळीच्या थंडाईला सरकारने हात लावला नाही, एवढं व्यवहारज्ञान दिल्लीतल्या मसुदाकारांना होतं.

नागपूर या सगळ्यात येतं ते आपल्या जागेमुळे. झिरो माइलचा दगड आपण कौतुकाने पाहुण्यांना दाखवतो. देशाच्या मध्यावर असण्याचा फायदा संत्र्याच्या व्यापाऱ्याला होतो, तसा गांजाच्या व्यापाऱ्यालाही होतो. आंध्रातल्या विशाखापट्टणमचा डोंगराळ पट्टा आणि त्याला लागून ओडिशातले मलकानगिरी आणि कोरापुट हे जिल्हे, ही या मालाची मोठी जन्मभूमी. तिथून जगदलपूर, रायपूर, राजनांदगाव, देवरी, भंडारा करत रस्ता नागपुरात उतरतो. इथे सुरतेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 53 आणि श्रीनगर ते कन्याकुमारी धावणारा 44 एकमेकांना छेदतात. आता त्यात 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाची भर पडली. रेल्वेचंही तेच. विशाखापट्टणमहून दिल्लीकडे जाणारी समता एक्स्प्रेस आणि पुरीहून अहमदाबादला जाणारी गाडी, दोन्ही रायगडा, टिटलागड, रायपूर करत नागपूरला येतात. मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे या दोन्हींची विभागीय कार्यालयं एकाच शहरात असणं ही रेल्वेच्या नकाशावरची गंमत आहे. तस्करीच्या नकाशावर तिचा अर्थ असा, की एकाच गाडीच्या प्रवासात हद्दी बदलतात, ठाणी बदलतात आणि फलाटावर रेल्वे सुरक्षा दल, लोहमार्ग पोलीस आणि शहर पोलीस अशा तीन वर्द्या असतात.

रेल्वे सुरक्षा दलाला, म्हणजे आरपीएफला, 2019 पर्यंत एनडीपीएस कायद्याखाली झडती आणि अटकेचे अधिकारच नव्हते. ते त्या वर्षी मिळाले. त्यानंतर ‘ऑपरेशन नार्कोस’ या नावाने देशभर गाड्यांमध्ये तपासणी सुरू झाली. ती कशी होते ते जवळून पाहण्यासारखं आहे. गाडी थांबण्याआधीच पथक ठरलेल्या डब्यांसमोर उभं असतं, बरोबर श्वान. स्लीपर किंवा जनरलच्या डब्यात बर्थखाली सरकवलेली ट्रॉली बॅग कुत्रं हुंगतं आणि बसून राहतं. बॅग कोणाची? डब्यात एकाएकी शांतता. समोरच्या बर्थवरचे काका खिडकीबाहेर पाहू लागतात. बॅग उघडली की खाकी चिकटपट्टीत आवळून गुंडाळलेली, विटेसारखी चौकोनी पाकिटं निघतात. वास मारायला कधी डांबराच्या गोळ्याही टाकलेल्या असतात. पंच बोलावले जातात, वजनकाटा येतो, लाख वितळते, सह्या होतात. आणि पुष्कळदा पंचनाम्यात आरोपीच्या रकान्यात कोणीच नसतं. माल ‘बेवारस’ म्हणून जमा होतो. बॅगेचा राखणदार दोन डबे पलीकडे बसलेला असतो आणि पुढच्या स्टेशनात उतरून जातो.

सापडला तर तो बहुधा विशी-पंचविशीतला, काही हजार रुपयांवर खेप करणारा मुलगा असतो. पुढे कायदा चालतो तो वजनावर. गांजा एक किलोपर्यंत असेल तर ‘अल्प प्रमाण’, जास्तीत जास्त एक वर्ष. वीस किलोंच्या वर गेला की वकिलांच्या बोलीतलं ‘कमर्शियल’, म्हणजे किमान दहा, कमाल वीस वर्षं. त्यातच कलम 37 ची अडचण : आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे, याची न्यायालयाची खात्री झाल्याशिवाय जामीन नाही. वीस किलोंची ही रेघ तस्करांनाही तोंडपाठ आहे, म्हणून माल चार माणसांत वाटून पाठवला जातो. शिक्षा एवढी कडक म्हणून कायद्याने प्रक्रियाही तेवढीच काटेकोर ठेवली. आरोपीच्या अंगाची झडती घ्यायची तर राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडतीचा तुझा हक्क आहे, हे त्याला आधी सांगावं लागतं. हातातल्या बॅगेला मात्र ते बंधन नाही. रात्रीच्या वेळी बंद घरात शिरायचं तर कलम 42 प्रमाणे कारणं लिहून ठेवावी लागतात. अटक आणि जप्तीचा अहवाल 48 तासांत वरिष्ठांकडे गेला पाहिजे. कलम 52अ खाली नमुने दंडाधिकाऱ्यासमोर काढायचे; 2016 च्या मोहनलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने यावर नेमकं बोट ठेवलं, कारण देशभरच्या मालखान्यांत जप्त माल वर्षानुवर्षं पडून होता आणि त्याला पाय फुटण्याची धास्ती खरी होती. 2020 मध्ये तोफान सिंग निकालाने तपास अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून बाद केला. या निकालांवर नाकं मुरडणारे अधिकारी मला भेटलेले आहेत. मला स्वतःला वाटतं, दहा वर्षांच्या किमान शिक्षेच्या कायद्यात एवढी कुंपणं नसती, तर खिशात पुडी टाकून माणूस आत घालणं फार स्वस्त झालं असतं.

इथवरची गोष्ट शेतातल्या मालाची. तिला हद्द असते, हंगाम असतो, ती उपग्रहातून दिसते. आंध्र पोलिसांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’मध्ये हजारो एकरांवरचं पीक उपटलं आणि फेब्रुवारी 2022 मध्ये अनकापल्लीजवळ दोन लाख किलो गांजा एकाच ठिकाणी जाळला. लागवड त्यानंतर डोंगर ओलांडून ओडिशाकडे सरकली. जगभर हेच होतं. तालिबानने एप्रिल 2022 मध्ये अफूवर बंदी घातली, अफगाणिस्तानातली लागवड वर्षभरात सुमारे 95 टक्क्यांनी घटली, आणि 2023 मध्ये म्यानमार जगातला सर्वांत मोठा अफू उत्पादक झाला. पीक हटतं, मागणी जागेवर राहते.

पण नागपूरच्या संदर्भात खरा बदल वेगळाच आहे आणि या प्रस्तावनेचा बराचसा भार मी त्यावर टाकतो. ऑगस्ट 2024 मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाच्या, म्हणजे डीआरआयच्या, अधिकाऱ्यांनी नागपुरातल्या पाचपावलीतल्या एका अर्धवट बांधलेल्या इमारतीवर छापा घातला. पाचपावली म्हणजे कुठला आडरानातला मुलूख नव्हे. दाट वस्ती, अरुंद गल्ल्या, दाराला दार. तिथे मेफेड्रोन तयार होत होतं. सुमारे 52 किलो, द्रवरूपात. चौघांना अटक झाली. डिसेंबर 2025 मध्ये ‘ऑपरेशन हिंटरलँड ब्रू’ या नावाने याच यंत्रणेने वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा भागात झुडपांच्या आड उभारलेला तात्पुरता कारखाना उद्ध्वस्त केला आणि 128 किलो मेफेड्रोन जप्त केलं. कारंजा नागपूर-अमरावती महामार्गावरचं गाव. वर्धा जिल्हा गांधीजींच्या नावाने गेली पन्नासेक वर्षं दारूबंदीत आहे. तिथे बाटली पकडायला नाके आहेत, आणि झुडपांत भट्टी लागली ती वेगळ्याच पदार्थाची.

मेफेड्रोन म्हणजे तरुणांच्या तोंडी असलेलं ‘एमडी’. त्याला शेत लागत नाही, पाऊस लागत नाही, सरहद्द ओलांडावी लागत नाही. रंग, औषधं, कीटकनाशकं यांच्या कारखान्यांत रोज ये-जा करणारी रसायनं, काचेची भांडी, वीज, पाणी आणि रसायनशास्त्र शिकलेला एक माणूस, एवढ्यावर काम भागतं. 2015 च्या फेब्रुवारीपर्यंत हा पदार्थ कायद्याच्या यादीतही नव्हता. आज त्याचं कमर्शियल प्रमाण 50 ग्रॅम आहे, म्हणजे शर्टाच्या खिशात मावेल एवढं. महाराष्ट्रातली अलीकडची यादी पाहा. 2023 मध्ये नाशिकजवळ शिंदे गावातला कारखाना आणि त्याच वर्षी ससून रुग्णालयातून त्या प्रकरणातल्या आरोपीचं पळून जाणं. 2024 च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांची दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीवरची कारवाई, जिचा माल टनांत मोजावा लागला. मार्चमध्ये सांगली जिल्ह्यातलं इरळी. राज्याच्या सीमेपलीकडे भोपाळजवळ ऑक्टोबर 2024 मध्ये 907 किलो. ही सगळी गावं देशाच्या पोटातली आहेत. आपली सारी यंत्रणा मात्र बंदरं, विमानतळं आणि सरहद्दी डोळ्यांपुढे ठेवून उभी राहिली. 2021 मध्ये मुंद्रा बंदरात जवळजवळ तीन टन हेरॉइन सापडलं, तेव्हा ती नजर बरोबर होती. पाचपावलीच्या अर्धवट इमारतीकडे मात्र ती सहज जात नाही.

इथे बातम्यांतल्या आकड्यांविषयी थोडं. पाचपावलीच्या मालाची किंमत 78 कोटी सांगितली गेली, कारंजाची 192 कोटी. इरळीला 122.5 किलोंची किंमत 245 कोटी, भोपाळला 1,814 कोटी. भागाकार करून पाहा. पहिल्या दोन्ही ठिकाणी किलोला दीड कोटीचा भाव निघतो, पुढच्या दोन्हींत बरोबर दोन कोटींचा. म्हणजे डीआरआयचा दर वेगळा, पोलिसांचा आणि दहशतवादविरोधी पथकाचा (एटीएस) वेगळा. जप्त वजनाला त्याने गुणलं की मथळा तयार. द्रवरूप माल, अर्धवट शिजलेला माल, गल्लीत भेसळ होऊन विकला जाणारा माल, सगळ्याला एकच भाव. कारवाई खोटी आहे असं यातून निघत नाही. पण हजार कोटींच्या मथळ्याने डोळे दिपले, की रसायनं कोणी पुरवली, पैसा कोणी लावला आणि आधीच्या खेपा कुठे गेल्या, हे विचारायचं राहून जातं.

सरकारच्या कामगिरीचं माप म्हणून मी किलोंपेक्षा याच प्रश्नांना जास्त मानतो. कारंजाच्या प्रकरणात डीआरआयच्या म्हणण्याप्रमाणे पकडलेल्या तिघांत मुख्य सूत्रधार होता आणि पैसा लावणं, रसायनं शिजवणं ही दोन्ही कामं तोच करत होता. ट्रॉली बॅगवाल्या मुलापेक्षा ही अटक कितीतरी मोलाची. रसायनांवर नियंत्रण ठेवणारा 2013 चा केंद्राचा आदेश आहे. तो अॅसेटिक अॅनहायड्राइड, एफेड्रिन यांसारख्या मोजक्या पदार्थांची खरेदी-विक्री, साठा आणि वाहतूक नोंदणीखाली आणतो. त्याची गरज सोलापूरने 2016 मध्ये दाखवून दिली. तिथल्या एका औषधी कारखान्यातून ठाणे पोलिसांनी 18 टनांहून अधिक एफेड्रिन जप्त केलं. पण एक रसायन यादीत घातलं की शिजवणारा त्याच्या अलीकडच्या पायरीवर जातो, यादीबाहेरचं घेतो आणि एक टप्पा घरीच उरकतो. बुटीबोरी, हिंगण्यासारख्या औद्योगिक वसाहतींत हजार प्रामाणिक पिंपांत एक पिंप कुठे वळतं, हे ओळखायला पोलीस शिपाई उपयोगाचा नाही. तिथे जीएसटीची बिलं वाचणारा, रसायनाचा धंदा समजणारा माणूस लागतो.

यंत्रणांची यादी मी इथे देत नाही. ती पुढच्या प्रकरणांत आहे आणि वाचताना दमछाक करते. एवढं सांगतो, की यंत्रणा अनेक झाल्या म्हणून 2016 मध्ये त्यांच्या समन्वयासाठी आणखी एक यंत्रणा, एनकॉर्ड, उभी करावी लागली आणि 2019 मध्ये ती केंद्रापासून जिल्ह्यापर्यंत चार पातळ्यांवर नेली गेली. जिल्हा पातळीवर तिच्या बैठका जिल्हाधिकाऱ्यांच्या दालनात होतात. 2024 च्या जुलैत ‘मानस’ ही 1933 क्रमांकाची हेल्पलाइन आली. नागपूर शहर पोलिसांनी त्याच वर्षी ‘ऑपरेशन थंडर’ सुरू केलं. पेडलरांवर कारवाया आणि शाळा-महाविद्यालयांत जागृती अशी दोन्ही अंगं त्याला आहेत. 2047 पर्यंत नशामुक्त भारत हे केंद्राचं जाहीर ध्येय आहे. एवढ्या लांबच्या तारखेवर आज भाष्य करणं कोणालाच जड जाणार नाही, म्हणून मीही करत नाही.

ज्यांच्यासाठी हे सगळं चालतं, त्या व्यसनात अडकलेल्या माणसांची मोजणी 2019 मध्ये एम्सच्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने केली. गांजा-भांग घेणारे सुमारे 3.1 कोटी, अफूजन्य पदार्थ घेणारे सुमारे 2.26 कोटी, दारू पिणारे 16 कोटी, त्या तुलनेत सरकारचा आवाज कुठे चढतो आणि कुठे उतरतो हे ज्याचं त्याने पाहावं. फेव्हिकॉल-व्हाइटनरसारखे पदार्थ हुंगण्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा लहान मुलांत जास्त, हे या पाहणीतलं सर्वांत अस्वस्थ करणारं वाक्य. कुठल्याही मोठ्या रेल्वे स्थानकाच्या टोकाला जाऊन उभं राहिलं, तर त्यासाठी सर्वेक्षणाची गरज पडत नाही. एनडीपीएसच्या गुन्ह्यांत 2022 मध्ये केरळनंतर महाराष्ट्राचा क्रमांक होता, आणि आपल्याकडच्या गुन्ह्यांत स्वतःच्या सेवनासाठी बाळगल्याचे गुन्हे जास्त होते. म्हणजे आपल्या आकड्याचा फुगवटा बराचसा सेवन करणाऱ्यांचा आहे. याच कायद्यात कलम 64अ आहे : व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला तयार असेल, तर किरकोळ प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याच्यावरचा खटला टळू शकतो. ते कलम पोलिसाला माहीत हवं, वकिलाला आठवायला हवं आणि आईबापांपर्यंत पोचायला हवं. मुलाच्या खिशात एमडी सापडल्यावर घरचे आधी ओळखीचा हवालदार शोधतात, मग वकील. मेडिकलच्या किंवा मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाचा रस्ता सर्वांत शेवटी सुचतो. लोक काय म्हणतील ही भीती त्या रांगेत सर्वांत पुढे उभी असते.

पुढील पानांचा क्रम इतिहास, वाहतूक, प्रयोगशाळा, न्यायालय आणि उपचार असा लावला आहे. आरोपींची नावं जाणीवपूर्वक गाळली आहेत, कारण यातले बरेच खटले अजून उभे आहेत. घरात कोणी अडकलं असेल, तर त्या वाचकाने हा क्रम पाळू नये. त्याने उपचाराचं प्रकरण आधी उघडावं. 14446 हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक तिथे पहिल्याच ओळीत छापला आहे.